कोथरूडची छोटी रेल्वे घरच्यांबरोबर कशी बघावी

छोटी रेल्वे बघायला आलेली बरीचशी कुटुंबं पाच मिनिटांत दमतात. "ती बघ गाडी, अरे ती दुसरी, तो बघ बोगदा," असं बोट नाचवत सगळ्यांची मान चारी दिशांना फिरते. मुलांना शेवटी एवढंच आठवतं की गाड्या होत्या, दिवे होते, मजा आली. त्यामुळे माझं सांगणं एकच आहे. एक गाडी धरा. तिची पूर्ण फेरी संपेपर्यंत नजर दुसरीकडे नेऊ नका. ती कुठून निघाली, कुठे थांबली, कशासाठी थांबली, बोगद्यात शिरली तर कुठून बाहेर आली, हे सगळं बघा. एका गाडीची एक फेरी नीट बघितली की अख्खा लेआउट, म्हणजे रूळ, डोंगर, घरं असा मांडलेला सगळा छोटा देखावा, डोक्यात बसतो आणि मग बाकीच्या गाड्यांची गंमत आपोआप कळायला लागते.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो, लोणावळा ते कर्जत या घाटाच्या पट्ट्यात. आता निवृत्त आहे आणि नातवंडांना रेल्वे दाखवणं हे माझं आवडतं काम आहे. पुण्यात त्यासाठी पहिली जागा म्हणजे कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम. कर्वे रस्त्यावरून आत वळलं की संगम प्रेसजवळ, जी. ए. कुलकर्णी पथावर आहे. भाऊसाहेब जोशींनी हे छंदापोटी उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. आत एक अख्खं शहर मांडलंय. वाफेचं इंजिन आहे, वेगवान गाडी आहे, रुळाला उलटी लटकून धावणारी गाडी आहे, डोंगर चढणारी दोरीची गाडी आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, उड्डाणपूल आहेत. आणि साठेक सिग्नल आहेत. माझ्यासारख्याला तेवढं पुरे. बाहेरगावी कुठे असं प्रदर्शन भरलं तरी पुढचं सगळं तसंच्या तसं लागू पडेल.

आदल्या दिवशी घरी

निघण्याआधी फोन करा. वेळ, तिकीट, पुढचा शो कधी, जिना आहे का, बसायला जागा कुठे मिळेल, हे सगळं फोनवरच विचारून घ्या. आमच्या हिचे गुडघे दुखतात, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे पहिला असतो. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते. जमलं तर मधल्या वारी जा, नाहीतर रविवारी पहिला शो गाठा. गाडी लावायला त्या गल्लीत जागा शोधत बसण्यापेक्षा रिक्षाने गेलेलं बरं.

खरी तयारी मात्र जमिनीवर बसून करायची आहे. मोजायची टेप, पुठ्ठा, कात्री आणि शाळेची पट्टी घ्या. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप १:८७ चं आहे. त्याला एचओ म्हणतात. म्हणजे खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी भाग करून त्यातला एक. हे मुलांना नुसतं तोंडाने सांगून काहीही कळत नाही, करून दाखवावं लागतं. आपला नेहमीचा निळा डबा, आयसीएफचा म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, साधारण २१.३ मीटर लांब असतो. सत्त्याऐंशीने भागलं की साडेचोवीस सेंटीमीटर येतात. रुंदी सव्वातीन मीटर, म्हणजे छोटा डबा पावणेचार सेंटीमीटरच्या आसपास. थोरल्या नातवाने पुठ्ठ्यावर हे माप आखलं, कापलं, त्यावर खिडक्या काढल्या आणि पेनाने "पुणे – मुंबई" लिहिलं. मग धाकटीने विचारलं, "आबा, मी केवढी होणार?" तिची उंची एकशे दहा सेंटीमीटर. पट्टीवर सव्वा सेंटीमीटर आलं. तिने कागदाची तेवढी बाहुली फाडली आणि खिडकीपाशी चिकटवली. दुसऱ्या दिवशी लेआउटवरच्या फलाटावर उभी असलेली माणसं तिने त्या बाहुलीशी ताडून बघितली.

आता पुढचं गणित. अठरा डब्यांची गाडी करायची झाली तर साडेचोवीस गुणिले अठरा, म्हणजे चार मीटर एकेचाळीस सेंटीमीटर. वर इंजिन. टेपने हॉलमध्ये मोजून दाखवा. आमच्या हॉलच्या एका भिंतीपासून सुरू केलेली गाडी स्वयंपाकघराच्या दारात गेली. लेआउटवर चार-सहा डब्यांच्याच गाड्या का दिसतात, हे मग कुणाला समजवावं लागत नाही.

अजून एक गोष्ट घरीच सांगून टाका. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं. पण एचओचे तयार रूळ सगळीकडे साडेसोळा मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवर बेतलेले आहेत. त्यामुळे भारतीय डबा छोट्या रुळावर ठेवला की जरा अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. हे एकदा लक्षात आलं की मुलं प्रत्येक गाडी समोरून बघायला लागतात. सगळीकडे माप एचओच असतं असं नाही. एनचं माप १:१६०, रूळ नऊ मिलिमीटरचे. तिथे पोचल्यावर "माप कुठलं?" हा पहिला प्रश्न मुलांनाच विचारू द्या.

पोचल्यावर

पोट भरलेलं असावं आणि हात धुतलेले असावेत. हात यासाठी, की मुलांचा हात चुकून रुळापर्यंत गेला तर तेल-घाम रुळावर बसतो. छोट्या इंजिनाला वीज रुळातून चाकांवाटे मिळते. रूळ कळकट झाला की इंजिन तिथे धक्के खातं, दिवे लुकलुकतात, कधी जागच्या जागी थांबतं. असे लेआउट चालवणारी माणसं कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मीटरच्या मीटर रूळ पुसत असतात. धूळ हा त्यांचा रोजचा शत्रू. म्हणून मुलांना "हात लावू नको" एवढंच न सांगता का लावायचा नाही ते सांगा. कारण कळलं की मुलं दुसऱ्या मुलांनाही अडवतात.

लहान मुलाला कडेवर घेऊन वरून दाखवू नका. वरून बघितलं की खेळणं दिसतं. गुडघ्यावर बसा किंवा मुलाला अशा उंचीवर धरा की त्याचा डोळा रुळाच्या पातळीला येईल. मग समोरून येणारं इंजिन अंगावर आल्यासारखं वाटतं, डबे वळणावर झुकताना दिसतात, फलाटाच्या छताखालचा अंधार दिसतो. मोठ्यांनीही एकदा तरी वाकून बघावं. माझ्या सूनबाईने सुरुवातीला "मी इथूनच बघते" म्हटलं, नंतर ती सगळ्यात जास्त वेळ वाकून उभी होती.

शोमध्ये दिवे मंद होतात, शहरात रात्र होते. ज्या मुलाला अंधाराची भीती आहे त्याला आधीच सांगा की आता रात्र होणार आहे आणि गाडीच्या खिडक्या पेटणार आहेत. आमच्या धाकटीला हे आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दिवे गेल्यावर रडायच्या ऐवजी ती "आता पेटणार, आता पेटणार" करत बसली.

कामं वाटून घ्या

आमच्या घरात प्रत्येकाला एक काम असतं. थोरल्याकडे एक गाडी, तिचा पाठलाग. धाकटीकडे माणसं आणि प्राणी: कोण कुठे उभं आहे, सर्कशीत काय चाललंय, तलावावर किती जण. मुलाकडे रस्ते आणि पूल: गाडीचा रस्ता आणि रेल्वेचा रूळ एकमेकांना कुठे, कसे ओलांडतात. सूनबाईकडे चढ. हिच्याकडे आवाज: कुठल्या जागी गाडीचा आवाज बदलतो, पुलावर वेगळा येतो का. माझ्याकडे अर्थातच सिग्नल. नंतर बाहेर येऊन चहा घेताना प्रत्येकाने आपापलं सांगायचं. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट बघण्यापेक्षा हे फार चांगलं जमतं, कारण प्रत्येकाकडे दुसऱ्याने न पाहिलेलं काहीतरी असतं. आणि मग साहजिकच पुन्हा बघायची इच्छा होते.

गाडीचा पाठलाग करणाऱ्याला एक युक्ती शिकवा. गाडी बोगद्यात शिरली की मनात मोजायला लागायचं: एक हजार एक, एक हजार दोन. बाहेर यायला डोंगराच्या मानाने फारच वेळ लागला, तर समजायचं की आत आणखी रूळ लपवलेले आहेत. मोठ्या लेआउटवर डोंगराच्या पोटात गाड्या उभ्या करून ठेवायची जागा असते. एक गाडी आत जाते आणि थोड्या वेळाने वेगळीच बाहेर येते. थोरल्याने एकदा हे पकडलं आणि "आबा, ही ती नाहीये!" असं इतक्या मोठ्याने म्हणाला की शेजारच्या आजोबांनीही मोजायला सुरुवात केली.

सिग्नल

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

चार गोष्टी मुलांना पाठ करून घ्या. लाल म्हणजे थांब. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने ये. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नलही सावध करणाराच असणार, वेग आवरत ये. हिरवा म्हणजे मोकळा रस्ता. हे आपल्या खऱ्या रेल्वेचे नियम. आता लेआउटवर एक सिग्नल निवडा आणि तिथेच नजर ठेवा. गाडी त्याला ओलांडून गेली की तो लाल होतो का? पुढची गाडी त्याच्यापाशी थांबते का? तो पुन्हा कधी सुटतो? लेआउटवरचे दिवे युरोपच्या पद्धतीचे असले तर रंग-रचना आपल्यासारखी नसेल, पण तत्त्व तेच राहतं: एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी.

धाकटीने विचारलं, "आबा, सिग्नलला कसं कळतं गाडी आली ते?" हा प्रश्न तुमच्या घरीही येणारच, म्हणून उत्तर नीट सांगतो. खऱ्या रेल्वेत रुळाचे तुकडे केलेले असतात आणि तुकड्यांच्या सांध्यात वीज न जाऊ देणारा माल बसवलेला असतो. एका तुकड्याच्या एका टोकाला एका रुळातून थोडीशी वीज सोडायची. दुसऱ्या टोकाला एक रिले, म्हणजे विजेवर उचलला जाणारा चुंबकाचा खटका. ती वीज रिलेतून जाऊन दुसऱ्या रुळाने परत येते. रूळ मोकळा असेपर्यंत वीज मिळते आणि रिले उचललेला राहतो. गाडीची चाकं आणि आस लोखंडाचे. गाडी तुकड्यावर आली की दोन्ही रूळ आसाने जोडले जातात आणि वीज रिलेपर्यंत पोचायच्या ऐवजी आसातूनच परत फिरते. रिले पडतो. रिले पडला की सिग्नल लाल. याला आम्ही ट्रॅक सर्किट म्हणायचो.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट पुढेच आहे. समजा वीजच गेली, तार तुटली, रूळ तडकला. तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे बिघाड झाला तर यंत्रणा गाडी थांबवण्याच्या बाजूला झुकते. नोकरीत पावसाळ्यात घाटात पाणी साचून ट्रॅक सर्किट पडलं की गाड्या अडकायच्या, प्रवासी वैतागायचे. पण लाल दिवा प्रवाशांच्या जिवाची काळजी घेत असतो, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आताही मुलांना तेच सांगतो.

छोट्या रेल्वेत साधारण बारा व्होल्टची वीज असते. साध्या पद्धतीत एका रुळात धन, एकात ऋण. इंजिनाची उजवीकडची चाकं एका रुळातून वीज घेतात, डावीकडची दुसऱ्यातून परत करतात, मध्ये मोटर फिरते. दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना विजेने जोडली जाऊ नयेत म्हणून मध्ये प्लास्टिक असतं. धन-ऋण उलटं केलं की गाडी उलटी धावते. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो. मार्क्लिन या जर्मन कंपनीची जुनी पद्धत वेगळी आहे: रुळांच्या मधोमध बारीक टोकं असतात आणि इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यांवर घासत जाते. मुलांना वाकून बघू द्या, मधोमध ठिपके दिसतात का. अलीकडे डीसीसी ही डिजिटल पद्धत आली. तीत रुळात वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकाने हुकूम जातो, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात.

वळण, चढ आणि वेग

वळणावर डब्यांच्या टोकांकडे बघा. दोन डब्यांची टोकं एकमेकांपासून बाहेर फेकल्यासारखी दिसतील. कारण सांगतो. आपल्याकडे ब्रॉडगेजचं अगदी कडक वळणही १७५ मीटर त्रिज्येचं असतं. छोट्या मापात ते दोन मीटर त्रिज्येचं व्हावं लागेल, म्हणजे नुसतं अर्धवर्तुळ काढायला चार मीटर रुंद जागा. तेवढी जागा कोण देणार? म्हणून तयार रुळांची वळणं छत्तीस, चव्वेचाळीस सेंटीमीटर त्रिज्येची असतात. लांब डबा त्यावर अवघडतो. काही कंपन्या तर डब्यांची उंची-रुंदी मापात ठेवून लांबी मुद्दाम कमी करतात. तुमच्या पुठ्ठ्याच्या डब्याचा उपयोग इथे होतो. परवानगी असेल तर काचेबाहेरून किंवा कठड्यापासून तो डबा समोर धरा आणि लांबी ताडून बघा.

चढावर चाकांकडे बघा. बोरघाटात ३७ ला १ असा चढ आहे: सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडी का थांबते हे मुलांना ठाऊक असतं, वडापावसाठी. खरं कारण ही मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर आहेत, आणि वडापाव त्यांच्यामुळे मिळतो. उतरताना उलटं काम. मंकी हिलला, ठाकूरवाडीला गाडी थांबते तिथे कॅच साइडिंग आहे. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला चढाच्या फाट्यावर घेऊन तिचा वेग मारायचा, यासाठी सांधे, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे हलते रूळ, नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी थांबून ताब्यात आहे हे सिद्ध झालं की मगच सांधे मुख्य रुळाकडे वळतात. लेआउटवरच्या डोंगरातही चढ असतात, दोन-तीन टक्क्यांचे. चढताना इंजिन दमतं का, चाकं जागेवर घसरतात का, डबे जास्त असतील तर काय होतं, हे सूनबाईचं खातं. तिने एकदा चढाच्या पायथ्याशी गाडीचा वेग वाढवलेला पकडला होता. घाटातला ड्रायव्हर गती घेऊन चढाला लागतो, अगदी तसं.

वेग मोजायची सोपी रीत देतो. लेआउटच्या कडेला अंदाजे एक मीटर अंतर धरा, दोन खांब ठरवा. १:८७ मध्ये ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी एक मीटर साधारण तीन सेकंदांत कापेल. डेक्कन क्वीन पुणे-मुंबई १९२ किलोमीटर सव्वातीन तासांच्या आसपास घेते, सरासरी ताशी साठ धरा. त्या वेगाने छोट्या गाडीला एक मीटरला पाच सेकंद लागायला हवेत. आता मोजा. एखादी गाडी सेकंदात मीटर मारत असेल तर ती ताशी तीनशेच्या वर धावतेय. वेगवान गाडीला ते शोभतं, वाफेच्या इंजिनाला शोभत नाही. थोरला आता प्रत्येक लेआउटवर पहिलं हेच मोजतो आणि हळू, खऱ्या वेगाने चालणारी मालगाडी दिसली की खूश होतो. मीही होतो. छोट्या रेल्वेत हळू गाडी चालवणं अवघड असतं, चांगली मोटर आणि स्वच्छ रूळ दोन्ही लागतं.

लटकती गाडी बघून मुलं "हे खोटं आहे" म्हणतात. खोटं नाही. जर्मनीत वुपरटालला १९०१ पासून अशी गाडी चालते, तेरा किलोमीटरच्या वर, बराचसा भाग वुपर नदीवरून. आणि दोरीची गाडी म्हणजे फ्युनिक्युलर. तिच्या मूळ रचनेत एका दोराच्या दोन टोकांना दोन डबे असतात. एक उतरतो तो आपल्या वजनाने दुसऱ्याला चढायला मदत करतो, मोटरला फक्त फरक ओढायचा असतो. वणीला सप्तशृंगगडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाली आहे, त्यात बसलेली घरं आता पुष्कळ आहेत. तिची आठवण मुलांना करून द्या.

फोटो आणि प्रश्न

फोटोची परवानगी आधी विचारा. फ्लॅश बंद. मोबाइल रुळाच्या उंचीला, कठड्यावर टेकवून धरला की फोटो हलत नाही आणि खऱ्या स्टेशनात उभं राहून काढल्यासारखा येतो. शोभर मोबाइल डोळ्यासमोर धरू नका. एक चांगला फोटो काढा आणि खिशात ठेवा.

शो संपला की लगेच दाराकडे पळू नका. चालवणाऱ्या माणसाशी बोला. ही मंडळी मनापासून सांगतात, फक्त कुणीतरी विचारायला हवं. "किती खर्च आला?" हा प्रश्न सगळेच विचारतात, तो सोडा. याऐवजी विचारा: सगळ्यात जुनं इंजिन कुठलं? सारखं काय बिघडतं? सांधे कसे वळतात? नवीन घर किंवा झाड बसवलं तर कुठे? आणि एक विनंती जरूर करा, टेबलाखाली बघू द्याल का? वरचं शहर जितकं देखणं, तितकंच खालचं जग माझ्या दृष्टीने बघण्यासारखं. प्रत्येक सिग्नलची, प्रत्येक दिव्याची, प्रत्येक सांध्याची तार खाली जाते. नीट काम केलेलं असेल तर तारांचे रंग ठरलेले असतात, जुडगे बांधलेले असतात, चिठ्ठ्या लावलेल्या असतात. आमच्या रिले रूममध्येही हेच असायचं. कुठलीही तार हातात घेतली तरी ती कुठली, हे दुसऱ्या माणसाला कळलं पाहिजे. मुलांना वायरिंगमधली शिस्त दाखवायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

घरी आल्यावर

मुलं लगेच सेट मागतात. लगेच घेऊ नका. बॅटरीवर प्लास्टिकच्या रुळांवरून धावणाऱ्या गाड्या स्वस्त मिळतात, त्यांना खेळणं म्हणून हरकत नाही, पण त्यांचे रूळ एचओशी जुळत नाहीत आणि पुढे वाढवता येत नाहीत. आधी खरी रेल्वे दाखवा. पुणे स्टेशनच्या पादचारी पुलावर तासभर उभं राहा आणि सिग्नल ओळखा. नेरळ-माथेरानची गाडी चालू असेल तेव्हा तिने जा. १९०७ पासूनची ती वाट, रूळ फक्त ६१० मिलिमीटर अंतराचे, आणि वळणं अशी की मागच्या डब्यातून पुढचं इंजिन दिसतं. छोट्या रेल्वेतली कडक वळणं खऱ्या जगात बघायची तर तिथे. कर्जतला उतरून बँकर लागताना बघा. एवढं करूनही मुलाचा ध्यास टिकला, तर मग एचओचा सुरुवातीचा सेट घ्या: एक इंजिन, दोन-तीन डबे, रुळांची लंबगोल फेरी आणि कंट्रोलर.

आमच्याकडे ध्यास टिकला. छत्तीस सेंटीमीटर त्रिज्येच्या फेरीला कडेच्या जागेसह एक मीटर रुंदी धरा, लांबी दीड मीटर. आम्ही त्या मापाची प्लायवूडची फळी घेतली, खालून दोन पट्ट्या ठोकल्या म्हणजे वाकणार नाही, आणि वरच्या बाजूने चादर घालून ती दिवाणाखाली सरकवता येते. रूळ अजून खिळ्यांनी पक्के केलेले नाहीत, कारण थोरल्याला बोगदा डाव्या हाताला हवा आहे आणि धाकटीला तिथे फलाट. तो वाद मिटला की पहिला सिग्नल मी बसवणार आहे.